संघर्षाच्या आघातातून आलेल्यांसाठी आधारसेवा : पहिल्या फोनपासून फाइल बंद होईपर्यंत

माझा धाकटा भाऊ संघर्षग्रस्त भागात मदतसामग्रीचे ट्रक चालवायचा. चौदा महिन्यांनी परतला तेव्हा अंगावर ओरखडाही नव्हता, म्हणून आम्ही सगळे निर्धास्त झालो. मग हळूहळू दिसायला लागलं. तो खोलीत दाराकडे तोंड करूनच बसायचा. कुणी लोखंडी शटर जोरात खाली ओढलं की हातातलं टाकून भिंतीला चिकटायचा. रात्री तीन वाजता उठून कुलपं तपासायचा, एकदा नाही, चार-चार वेळा. विचारलं की म्हणायचा, "ताई, झोप नीट लागत नाही, बाकी काही नाही."

योग्य मदतीपर्यंत पोहोचायला आम्हाला सात महिने लागले. त्यातला बराच वेळ मदत नव्हती म्हणून गेला नाही. कुठून सुरुवात करायची आणि कुणाला काय विचारायचं, हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. तुमचा तो वेळ वाचावा म्हणून हे लिहिते आहे. लिहून झाल्यावर भावाला वाचायला दिलं. त्यानं दोन प्रसंग काढायला सांगितले, ते काढले. त्याची गोष्ट ही त्याची आहे. ती कुणाला, केव्हा आणि किती सांगायची हे त्यानंच ठरवायचं. आम्हाला हे उशिरा कळलं, आणि खालच्या बहुतेक पायऱ्यांवर तेच पुन्हा येईल.

१. मदत म्हणजे फक्त मानसोपचारतज्ज्ञ नव्हे

आमची पहिली चूक हीच. आम्ही थेट तज्ज्ञ शोधत सुटलो, लांबलचक प्रतीक्षा यादीत नाव घातलं आणि हातावर हात ठेवून बसलो. त्या काळात मिळू शकणारी दुसरी मदत आम्हाला दिसलीच नाही.

आणीबाणीच्या प्रसंगी काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांच्या संयुक्त समितीनं २००७ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात मदतीचे चार थर सांगितले आहेत. सगळ्यात खाली सुरक्षितता आणि मूलभूत गरजा : निवारा, अन्न, औषधं, कागदपत्रं. त्यावर कुटुंब आणि समाजाचा आधार. तिसऱ्या थरात प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्यांची मदत. हे लोक डॉक्टर नसतात. अगदी वर, सगळ्यात अरुंद थरात, तज्ज्ञांचे उपचार. सामुदायिक आधारसेवा प्रामुख्यानं मधल्या दोन थरांत काम करतात आणि गरज असेल त्याला वर पाठवतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अंदाजानुसार संघर्षग्रस्त भागांत साधारण पाचातल्या एका माणसाला नैराश्य, चिंताविकार, आघातोत्तर ताण (भयंकर प्रसंगानंतर बराच काळ टिकणारा त्रास) किंवा दुसरा एखादा मानसिक आजार असतो. म्हणजे तुमच्या घरातलं माणूस जगावेगळं नाही. आणि भयंकर काही पाहिलेला प्रत्येकजण आजारी पडतो असंही नाही. पुष्कळांना माणसांची सोबत, झोप आणि कामाचा रोजचा क्रम परत मिळाला की पाय जमिनीला लागतात.

अशा सेवा किती वेगवेगळ्या रूपांत असतात, याची तीन उदाहरणं. उत्तर आयर्लंडमध्ये १९९१ साली हिंसाचारात पती गमावलेल्या स्त्रियांनी एकत्र येऊन 'वेव्ह' ही संस्था उभी केली. पुढे ती सर्वच आघातग्रस्तांसाठी खुली झाली. अमेरिकेत व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांसाठी १९७९ पासून रुग्णालयाबाहेर, वस्तीतच समुपदेशन केंद्रं सुरू झाली, कारण अनेकांना सरकारी रुग्णालयाची पायरी चढायची नव्हती. झिंबाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये आरोग्य केंद्रांच्या आवारात बाकं ठेवली आणि त्यावर प्रशिक्षण दिलेल्या आज्या बसवल्या. ती सेवा फक्त संघर्षग्रस्तांसाठी नाही, पण त्या आज्या ज्या त्रासावर बोलतात त्याचं शोना भाषेतलं नाव 'कुफुंगिसिसा' आहे, म्हणजे फार विचार करणं. भावाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "हेच होतं मला."

२. आज, आत्ता काय तातडीचं आहे ते आधी बघा

पुढचं सगळं थोडं थांबू शकतं. जिवाला धोका असेल, मरून जावं असे विचार येत असतील, घरात मारहाण होत असेल, रात्री झोपायला सुरक्षित जागा नसेल, किंवा आधीपासून चालू असलेलं औषध संपलं असेल, तर यातलं जे असेल ते आधी. आत्महत्येचा विचार मनात येतो का, हे सरळ शब्दांत विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही; उलट, बऱ्याच जणांना कुणीतरी विचारलं याचाच आधार वाटतो. उत्तर 'हो' आलं तर एकटं सोडू नका, इजा करता येईल अशा वस्तू हाताशी ठेवू नका आणि तुमच्या भागातला आपत्कालीन क्रमांक किंवा मदतवाहिनी त्याच क्षणी लावा.

घटना ताजी असेल, महिन्याच्या आतली, तर दोन गोष्टी टाळा.

एक, 'सगळं बोलून टाक, मोकळा हो' असा आग्रह. प्रसंगानंतर लगेच एकाच बैठकीत सगळं वदवून घेण्याची पद्धत एकेकाळी खूप चालायची. आता जागतिक आरोग्य संघटना तिची शिफारस करत नाही. तिच्या जागी 'मानसिक प्रथमोपचार' आले. त्याची २०११ ची मार्गदर्शिका तीन कामं सांगते : बघा, ऐका, जोडून द्या. गरज काय आहे ते बघायचं, माणूस बोलेल तेवढंच ऐकायचं आणि योग्य मदतीशी जोडून द्यायचं.

दोन, झोपेच्या आणि चिंता कमी करणाऱ्या गोळ्या कुणाच्या तरी सांगण्यावरून सुरू करणं. बेंझोडायझेपिन गटातली औषधं आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात त्या ताणासाठी देऊ नयेत, असं याच संघटनेची २०१३ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. मात्र अशी गोळी आधीच बरेच दिवस चालू असेल, तर ती मनानं एकदम बंद करू नका. डॉक्टरांना विचारूनच कमी करा.

३. गोष्ट एका पानावर लिहून ठेवा

या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा.

कुठल्याही संस्थेत गेलात की पहिल्यांदा विचारतात : काय झालं? स्वागतकक्षात विचारतात, नोंदणी करणारा विचारतो, मग केसवर्कर (तुमचं प्रकरण सांभाळणारा कार्यकर्ता), मग समुपदेशक. प्रत्येक वेळी माणूस तिथं परत जाऊन येतो. एका संस्थेत पहिल्याच भेटीत भावाला "सुरुवातीपासून सगळं सांगा" म्हणाले. त्यानं तासभर सांगितलं. शेवटी उत्तर मिळालं, "हे आमच्या कामाच्या कक्षेत बसत नाही." त्यानंतर तीन रात्री तो झोपला नाही, आणि पुढचे सहा आठवडे कुठल्याही संस्थेचं नाव काढू देईना.

मग एका अनुभवी कार्यकर्तीनं आम्हाला हे पान बनवायला सांगितलं. एका बाजूला मावेल एवढंच. त्यात पुढच्या गोष्टी लिहा :

घटनेबद्दल दोन-तीन ओळी. ठिकाण, साधारण काळ, तिथं तुमचं काम किंवा स्थिती काय होती. तपशील नकोत. "अमुक काळात संघर्षग्रस्त भागात वाहनचालक होतो, गोळीबार आणि सहकाऱ्यांचे मृत्यू पाहिले" एवढं पुरतं.

आत्ता काय त्रास होतो. इथं मात्र नेमकं लिहा. 'बरं वाटत नाही' यानं समोरच्याला काहीच कळत नाही. किती तास झोप लागते, आठवड्यातून किती वेळा दचकून जाग येते, कुठले आवाज किंवा वास सहन होत नाहीत, काय काय टाळता, कामावर किती दिवस जाता आलं नाही, दारू किंवा इतर व्यसन वाढलं का. शरीराचंही लिहा : डोकेदुखी, छातीत धडधड, पोटाच्या तक्रारी. आघात पुष्कळदा शरीरातूनच बोलतो.

चालू औषधं, जुने आजार, डोक्याला कधी मार लागला असेल तर तो. स्फोटाच्या जवळ असाल तर हे विसरू नका. डोक्याच्या दुखापतीची आणि मानसिक आघाताची काही लक्षणं सारखी दिसतात.

काय हवं आहे. झोप? नोकरीसाठी पत्र? कुणाशी तरी बोलणं? हरवलेल्या नातेवाइकाचा शोध?

आणि शेवटची ओळ : काय विचारू नये. भावानं लिहिलं होतं, "शेवटच्या फेरीबद्दल आज विचारू नये." असं लिहिता येतं हे आम्हाला माहीतच नव्हतं. हे पान दिल्यावर समोरच्या माणसाचा सूर बदलतो. जो ती ओळ वाचूनही विचारतोच, त्याच्याकडे पुन्हा जायचं का, हे ठरवणंही सोपं जातं.

४. कुठलं दार आपलं

सगळ्या संस्था सगळ्यांसाठी नसतात. तुम्ही कुठल्या गटात बसता यावर दार ठरतं, म्हणून फोन करण्याआधी ते बघून घ्या.

जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा नेहमीचे डॉक्टर हे बहुतेकांसाठी सोपं पहिलं दार. तिथून पुढे पाठवायची चिठ्ठी मिळते आणि काही सेवा त्या चिठ्ठीशिवाय नाव नोंदवतच नाहीत. माजी सैनिक असाल तर माजी सैनिकांच्या कल्याणाची यंत्रणा आणि सोबत्यांच्या संघटना बघा. निर्वासित किंवा विस्थापित असाल तर निर्वासितांसोबत काम करणाऱ्या संस्था; कायदेशीर कागदपत्रं आणि मानसिक आधार यांची वाट बहुधा एकाच छपराखाली सापडते.

कैदेत छळ झाला असेल तर त्यासाठी खास पुनर्वसन केंद्रं आहेत. डेन्मार्कच्या डॉ. इंगे गेनेफ्के यांनी १९८२ मध्ये कोपनहेगनला असं केंद्र सुरू केलं आणि तसं काम पुढे अनेक देशांत पोहोचलं. संयुक्त राष्ट्रांचा १९८१ मध्ये स्थापन झालेला छळपीडितांसाठीचा निधी अशा संस्थांना पैसा देतो. छळाच्या खुणांची वैद्यकीय नोंद कशी करायची याची आंतरराष्ट्रीय पद्धत 'इस्तंबूल प्रोटोकॉल' म्हणून ओळखली जाते. पुढे न्यायालयात किंवा आश्रयाच्या अर्जात पुरावा लागणार असेल, तर डॉक्टरांना ही पद्धत माहीत आहे का ते विचारा. जखमांच्या खुणा काळाबरोबर पुसट होतात, त्यामुळे नोंदीला उशीर नको.

लैंगिक अत्याचार झाला असेल तर वैद्यकीय मदत सगळ्यात आधी आणि शक्य तितक्या लवकर. एचआयव्ही टाळण्याचं औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं. पोलिसांत जायचं की नाही हे अजून ठरलं नसलं तरी उपचारांसाठी जा.

घरातलं कुणी बेपत्ता असेल तर रेड क्रॉस किंवा रेड क्रेसेंटची कुटुंब-शोध सेवा गाठा. तिचे पैसे पडत नाहीत. बेपत्ता माणसाच्या कुटुंबाचं दुःख निराळं असतं : शोक करावा की वाट पाहावी हेच कळत नाही. अशा कुटुंबांचे स्वतंत्र आधारगट असतात, त्यांची चौकशी करा. 'आता विसरा' असं तिथं कुणी म्हणत नाही.

५. सोबत ठेवायचे कागद

एक साधी फाइल करा. ओळखपत्र, निर्वासित, विस्थापित किंवा सेवेत असल्याचा दाखला, जुने वैद्यकीय कागद आणि औषधांची चिठ्ठी, डॉक्टरांची संदर्भचिठ्ठी, ते एक पान, आणि अडचणीच्या वेळी कळवायच्या व्यक्तीचा क्रमांक. मूळ कागद कुणाकडे ठेवू नका, प्रत द्या. फाइलच्या शेवटी एक कोरा कागद लावा आणि कुणाशी, कोणत्या तारखेला, काय बोलणं झालं ते त्यावर टिपत जा. आघातात स्मरणशक्ती दगा देते. आमचा अर्धा गोंधळ या कागदानं मिटला.

एखादा कागद नसेल तर घरी बसून राहू नका. पळून आलेल्या माणसाकडे सगळी कागदपत्रं नसणारच, हे चांगल्या संस्थेला माहीत असतं. आधी नाव नोंदवा, कागद मागाहून.

६. पहिला फोन, पहिली भेट

फोन सोबतच्या माणसानं केला तरी चालतो, पण ज्याला मदत हवी आहे त्याची संमती घेऊनच. मी पहिला फोन भावाला न विचारता केला होता. त्याला कळलं तेव्हा तो रागावला नाही, नुसता गप्प झाला. ते गप्प होणं मला अजून बोचतं.

फोनवर एवढं विचारा : तुम्ही आमच्यासारख्यांसाठी काम करता का? चिठ्ठी लागते का? थांबावं किती लागेल? शुल्क आहे का? जिने चढावे लागतात का, स्त्री समुपदेशक मिळेल का, सोबत कुणी आलेलं चालेल का?

पहिल्या भेटीत संमतीपत्र समोर येईल. ते वाचल्याशिवाय सही नको. गोपनीयतेबद्दल नेमके प्रश्न विचारा : माझी माहिती कुणाकुणाला दिली जाईल? मालकाला, सरकारी खात्याला, घरच्यांना? गोपनीयता कुठल्या प्रसंगी मोडावी लागते? जिवाला धोका किंवा लहान मुलांची सुरक्षितता असे काही अपवाद बहुतेक ठिकाणी असतात, आणि ते आधीच सांगणारी संस्था विश्वासाची. फोटो किंवा 'यशोगाथा' यांसाठीची संमती निराळी असते. ती नाकारली म्हणून सेवा थांबवता येत नाही. तसं कुणी सुचवलं तर तिथून निघा.

बसायची जागा निवडून घ्या. दाराजवळची खुर्ची हवी, खिडकी उघडी हवी, मध्येच उठून बाहेर जायचं आहे, हे सगळं मागता येतं.

७. दुभाषी लागणार असेल तर

घरातल्या मुलांना दुभाषी करू नका. संस्थेनं सुचवलं तरी नाही. जे ऐकायचं त्यांचं वय नाही ते त्यांच्या तोंडून बाहेर पडावं लागतं, आणि मोठा माणूसही त्यांच्यासमोर खरं सांगत नाही. बाहेरचा दुभाषी मागा. तो संघर्षातल्या दुसऱ्या बाजूचा असेल, तुमच्याच वस्तीतला असेल किंवा तुम्हाला नुसतंच अवघडल्यासारखं वाटत असेल, तर बदलून मागा. कारण सांगायची सक्ती नाही.

८. गटात की एकट्यानं

आधारगटाची भीती बहुतेकांना वाटते. भाऊ पहिल्या तीन बैठकांत एक अक्षर बोलला नाही आणि कुणी बोलायला लावलंही नाही. चांगल्या गटाची ती पहिली खूण. गटात तपशीलवार प्रसंग सांगायला बंदी असते का, हेही विचारा. ती असलेली बरी, कारण एकाच्या आठवणीनं दुसऱ्याचा रात्रभर छळ व्हायला नको. आणि एकाच संघर्षातल्या दोन बाजूंची माणसं एका गटात बसणार असतील, तर ते आधी सांगितलेलं असलं पाहिजे.

बोलायचंच नसेल तर बागकाम, शिवण, सुतारकाम, चालणं, भाषावर्ग अशा गोष्टी चालवणाऱ्या सेवा शोधा. त्यांना कमी समजू नका. भावाच्या आयुष्यात वेळापत्रक परत आलं ते सुतारकामाच्या वर्गानं.

९. उपचारांची नावं कानावर पडतील तेव्हा

आघातोत्तर ताण हे निदान १९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या वर्गीकरणात आलं. २०२२ पासून लागू झालेल्या, आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात त्याचा 'गुंतागुंतीचा' प्रकारही वेगळा नोंदवला आहे. दीर्घकाळ कैद, छळ किंवा वारंवार हिंसा सोसलेल्यांमध्ये तो आढळतो. निदानाचा शब्द ऐकून घाबरू नका. पुष्कळ ठिकाणी उपचारांचं आणि लाभांचं दार त्याच शब्दानं उघडतं.

प्रशिक्षित कार्यकर्त्यांकडून मिळणारी एक छोटी पद्धत म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेची 'प्रॉब्लेम मॅनेजमेंट प्लस'. आठवड्याला एक अशा पाच बैठका, प्रत्येकी ९० मिनिटांच्या. ताण हाताळणं, रोजच्या अडचणी सोडवणं, थांबलेली कामं पुन्हा सुरू करणं आणि माणसं जोडणं, एवढ्यावरच भर. प्रसंग उकरला जात नाही, म्हणून सुरुवातीला ती पेलते.

तज्ज्ञांकडे गेल्यावर आघातकेंद्री, म्हणजे थेट त्या प्रसंगाच्या आठवणींवर काम करणारे उपचार येतात. त्यातल्या कथनावर आधारलेल्या पद्धतीत जमिनीवर एक दोरी पसरतात. ती म्हणजे आयुष्य. वाईट प्रसंगांना दगड, चांगल्यांना फुलं. मग एकेक प्रसंग काळाच्या क्रमानं सांगत पुढे जायचं. भावाच्या दोरीवर पहिलं फूल त्यानं आमच्या आजोबांच्या सायकलसाठी ठेवलं होतं. आठव्या भेटीला तो ते जुनं पान घेऊन गेला आणि 'शेवटच्या फेरीबद्दल विचारू नये' ही ओळ त्यानं स्वतः खोडली. तोवर कुणीही तो विषय काढला नव्हता.

या उपचारांत मधले काही आठवडे त्रास वाढल्यासारखा वाटतो. ते आधी माहीत नसेल तर माणूस तिथंच सोडून देतो. त्रास वाढला तर काय करायचं, कुणाला फोन करायचा, हे पहिल्याच बैठकीत ठरवून घ्या. समुपदेशकाशी सूर जुळत नसेल तर तीन-चार भेटींनंतर बदल मागा. आणि 'दोन बैठकांत पूर्ण बरं करतो' असं सांगणाऱ्यापासून लांब राहा.

१०. यादीत थांबताना

रद्द झालेली वेळ आम्हाला द्या, असं सांगून ठेवा आणि महिन्यातून एकदा स्वतःहून फोन करा. प्रकृती बिघडली तर तेही कळवा; यादीतला क्रम त्यावर बदलू शकतो. मधल्या काळासाठी जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये ताणाशी जुळवून घेण्याची एक सचित्र पुस्तिका मोफत दिली आहे. जुन्या आठवणीनं ओढून नेलं की पाय जमिनीवर दाबून धरायचे, आजूबाजूच्या पाच वस्तूंची नावं घ्यायची, आजची तारीख मोठ्यानं म्हणायची. भाऊ अजूनही हे करतो.

११. सोबत असणाऱ्यांसाठी

मला आठव्या महिन्यात कळलं की मीही रात्री तीनला जागी होते आहे. बऱ्याच सेवा कुटुंबीयांनाही वेळ देतात, पण स्वतःहून विचारत नाहीत. मागा. मुलं घरात असतील तर त्यांच्याशी त्यांच्या वयाला कळेल असं खरं बोला : "मामाला मोठ्या आवाजाची भीती वाटते, त्यात तुझी काही चूक नाही." मुलांना काही सांगितलं नाही की ती दोष स्वतःकडे घेतात.

१२. फाइल बंद होताना

सेवा कधीतरी संपते. कधी बरं वाटलं म्हणून, कधी बैठकांची मर्यादा आली म्हणून, कधी संस्थेचा निधी आटला म्हणून. शेवटची तारीख निदान दोन-तीन बैठका आधी कळावी, असं सुरुवातीलाच सांगून ठेवा. समारोपाचं पत्र मागा : कुठले उपचार झाले, कशाचा उपयोग झाला, कुठली औषधं चालू आहेत. पुढच्या कुणालाही पहिल्यापासून सगळं सांगावं लागू नये म्हणून हे पत्र. त्रास पुन्हा उचल खाऊ लागला तर थेट परत येता येईल की नव्यानं यादीत थांबावं लागेल, याचं उत्तर त्या पत्रात लिहून घ्या. घटनेचा दिवस दरवर्षी येतो. त्याच्या आधीच्या आठवड्यात कुणाला फोन करायचा ते नाव आणि क्रमांक फाइलच्या पहिल्या पानावर हवा. आमच्या फाइलवर तिथं दोन नावं आहेत, आणि त्यातलं दुसरं आधारगटातल्या एका सोबत्याचं आहे.